चार पटांची वही: एका सांघिक डावाच्या निमित्ताने लिचेसचा आढावा

चार पटांवरचा बुद्धिबळाचा सांघिक सामना संपला तेव्हा फलकावर आमच्या मंडळाच्या नावापुढे अडीच आणि समोरच्या संघापुढे दीड असे आकडे होते. तिसऱ्या पटावरचा अर्धा गुण माझा होता. एक प्यादे जास्त होते, घड्याळात वेळही भरपूर शिल्लक होता, आणि तरीही मी बरोबरी मान्य केली होती. त्याच रात्री तो डाव मी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर चढवला आणि संगणकाचे विश्लेषण मागितले. थोड्याच वेळात जो आलेख समोर आला, त्याची रेघ अकराव्या चालीपासून अखेरच्या चालीपर्यंत पांढऱ्याच्या, म्हणजे माझ्या, बाजूला चढलेली होती. ती रेघ पाहून कोणीही म्हणेल की या गृहस्थाने हाती आलेला डाव सोडून दिला. लिचेसविषयी लिहिताना याच प्रसंगापासून सुरुवात करणे मला योग्य वाटते, कारण हे साधन काय दाखवू शकते आणि काय दाखवू शकत नाही, ते त्यात एकदमच दिसते.

लिचेसची ओळख बहुतेक बुद्धिबळप्रेमींना आहे, म्हणून ती थोडक्यात करून देतो. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये ते सुरू केले. आज ते फ्रान्समधील एका ना-नफा संस्थेमार्फत चालते, त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. पैसे भरणाऱ्याला जास्त सुविधा आणि न भरणाऱ्याला कमी, असा भेद तेथे नाही. देणगी दिल्यास नावाशेजारी पंखांचे एक चिन्ह दिसते, एवढेच. स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरांमुळे मराठीतही ते वापरता येते. तेथे रोज लाखो डाव खेळले जातात. परंतु हा आढावा ऑनलाइन खेळण्याचा नाही. समोरासमोर बसून, लाकडी पटावर, कागदावर चाली लिहीत खेळलेल्या सांघिक डावाचा अभ्यास करण्यासाठी ही सेवा मंडळपातळीवरच्या खेळाडूला कितपत उपयोगी पडते, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यातही मी फ्लँक ओपनिंग, म्हणजे बगलेकडून केलेली सुरुवात, खेळणारा आहे, आणि माझ्यासारख्यांची अडचण थोडी निराळी असते.

ती अडचण अशी. ई४ किंवा डी४ या चालीने (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) डाव उघडणारा खेळाडू मधल्या घरांत लगेच प्यादे रोवतो आणि डाव कोणत्या वळणाने जाणार हे तिसऱ्या-चौथ्या चालीला बरेचसे स्पष्ट होते. बगलेकडून डाव उघडणारा, म्हणजे सी४, घोडा एफ३, बी३ किंवा जी३ अशी सुरुवात करणारा खेळाडू मधली प्यादी मागे राखून ठेवतो. त्यामुळे एकच स्थिती पाच-सहा वेगवेगळ्या वाटांनी पटावर येऊ शकते. १. सी४ या चालीला इंग्लिश ओपनिंग म्हणतात ते हॉवर्ड स्टॉन्टन या इंग्लिश खेळाडूमुळे. १८४३ मध्ये पॅरिस येथे फ्रेंच खेळाडू सेंट आमां याच्याविरुद्धच्या सामन्यात त्याने ती वापरली होती. तेव्हापासून आजपर्यंत या ओपनिंगची पुस्तके चालींच्या क्रमाने प्रकरणे पाडतात. समोरच्याने क्रम बदलला की वाचक हातातले प्रकरण सोडून दुसरे शोधू लागतो, आणि सामन्याच्या वेळी तर पुस्तक घरीच असते.

आमच्या सामन्यात नेमके हेच घडले. मी १. सी४ खेळलो आणि काळ्याने घोडा सी६ असे उत्तर दिले. या उत्तरावर मी काहीही तयारी केलेली नव्हती. पुढे २. घोडा सी३ ई५ ३. जी३ घोडा एफ६ ४. उंट जी२ डी५ ५. सी प्याद्याने डी५ घेतले, घोड्याने डी५ परत घेतले ६. घोडा एफ३ घोडा बी६ ७. किल्लेकोट उंट ई७ ८. ए३ किल्लेकोट ९. बी४ असा डाव झाला. संपूर्ण वेळ मला वाटत होते की आपण अनोळखी रानात शिरलो आहोत. पाचव्या चालीवर मी अकरा मिनिटे घालवली, आणि ती अकरा मिनिटे काहीही न ठरवता केवळ घाबरण्यात गेली.

रात्री लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये, म्हणजे एखाद्या स्थितीत आजवर कोणत्या चाली किती डावांत खेळल्या गेल्या ते दाखवणाऱ्या सुविधेत, हाच डाव पुढे सरकवत गेलो. पहिल्या चालीनंतर मास्टर खेळाडूंच्या डावांची संख्या एकदम आटली; तेथवर माझी भीती खरी होती. मात्र दुसऱ्याच चालीला ई५ येताच ती संख्या पुन्हा वाढली, आणि सहाव्या चालीला घोडा बी६ वर येताच पुन्हा एकदा भरली. कारण उघड आहे. एक्सप्लोरर चालींचा क्रम पाहत नाही, तो पटावरची स्थिती पाहतो. काळ्याने नेहमीप्रमाणे घोडा एफ६, ई५, डी५ असा क्रम धरला असता तरी सहाव्या चालीला याच सोंगट्या याच घरांत असत्या. मी ज्याला रान समजत होतो तो राजरस्ता होता: इंग्लिशमधला उलटा ड्रॅगन, म्हणजे सिसिलियन बचावातील ड्रॅगन प्रकार पांढऱ्याने एक जादा चाल हातात घेऊन खेळायचा. माझी तयारी त्याच स्थितीची होती. फक्त मी तिला वेगळ्या दाराने आलेली पाहिली आणि ओळखले नाही. फ्लँक ओपनिंग खेळणाऱ्याला या एका गोष्टीसाठी लिचेस वापरणे भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रम पाठ करण्याऐवजी स्थिती ओळखण्याची सवय लागते, आणि ती पुस्तकाने मला वीस वर्षांत लागली नव्हती.

एक्सप्लोररमध्ये तीन कप्पे आहेत आणि त्यांचा उपयोग सारखा नाही. मास्टरांच्या कप्प्यात १९५२ पासूनचे, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे २२०० किंवा अधिक मानांकन असलेल्या खेळाडूंचे समोरासमोर खेळले गेलेले डाव आहेत. दुसऱ्या कप्प्यात खुद्द लिचेसवर झालेले डाव आहेत आणि ते मानांकनाच्या व वेळेच्या गटांप्रमाणे गाळता येतात. तिसऱ्यात कोणत्याही एका खेळाडूचे लिचेसवरचे डाव पाहता येतात. आपल्यासारख्यांनी पहिल्यापेक्षा दुसऱ्या कप्प्यात जास्त वेळ काढावा. नवव्या चालीला मास्टर काय खेळतात हे मला पहिल्या कप्प्याने सांगितले: उंट ई६, मग पांढऱ्याचा हत्ती बी१ आणि काळ्याचे एफ६, कारण बी५ ची धमकी खरी असते आणि ई५ च्या प्याद्याला आधार लागतो. पण माझ्या समोर बसलेले गृहस्थ मास्टर नव्हते, ते नोकरीतून निवृत्त झालेले, शांतपणे चहाचा कप बाजूला सरकवणारे खेळाडू होते, आणि त्यांनी उंट जी४ वर आणला. असा उंट आमच्या पातळीवर पदोपदी दिसतो. घोड्यावर उंट रोखला की काहीतरी केल्यासारखे वाटते. गाळणी आपल्या मानांकनाच्या गटावर आणि संथ वेळेच्या डावांवर लावली की समोरचा माणूस प्रत्यक्षात काय खेळेल, याचा अंदाज येतो. झटपट डाव गाळले नाहीत तर मात्र तीन मिनिटांच्या धांदलीतल्या चाली दोन तासांच्या डावासाठी तयारी म्हणून पाठ होतील, तेव्हा वेळेची गाळणी आधी लावावी.

आता त्या उंटाकडे येतो, कारण डाव तेथेच फिरला. ९... उंट जी४ या चालीला १०. बी५ हे उत्तर होते. सी६ वरच्या घोड्याला हलावेच लागते, आणि तो हलला की ई५ चे प्यादे निराधार होते. घोडा ए५ वर गेला तर ११. घोड्याने ई५, आणि तोच घोडा जी४ वरच्या उंटावर चालून जातो. काळ्याने आधी उंटाने एफ३ चा घोडा मारला तरी पांढऱ्याचा उंट परत मारतो, सी६ चा घोडा डी४ वर पळतो आणि लांब तिरक्या रेघेवरून बी७ चे प्यादे जाते. कसेही केले तरी एक प्यादे पांढऱ्याचे. हे सगळे आज लिहायला सोपे आहे. पटावर मात्र मी १०. उंट बी२ खेळलो, कारण उंट बी२ ही 'नेहमीची' चाल आहे आणि बगलेकडून खेळणाऱ्याला आपला उंट लांब रेघेवर बसवण्याची फार घाई असते.

काळ्याने १०... वजीर डी७ खेळले, आणि तेव्हा मला दिसले. वजीर डी७ वर, उंट जी४ वर. ई५ च्या घरावरून एकच घोडा दोघांवरही जातो. ११. बी५ घोडा डी४ १२. घोड्याने ई५ वजीर ई६ १३. घोड्याने जी४, वजिराने जी४. येथे काळ्याचा वजीर आणि घोडा दोघेही ई२ कडे डोळे लावून आहेत, म्हणून क्षणभर भीती वाटते, पण १४. ई३ या शांत चालीने दोन्ही प्रश्न मिटतात. प्यादे पुढे गेल्याने माझा वजीर त्याच्या वजिरासमोर उघडा होतो आणि त्याच वेळी डी४ च्या घोड्यावर हल्ला होतो. वजिरांची मारामारी झाली, १५. हत्तीने डी१ परत घेतला, घोडा ई६ वर मागे गेला आणि १६. उंटाने बी७. दोन प्यादी जास्त, दोन उंट हातात. लिचेसने या भागाला एकही प्रश्नचिन्ह लावले नाही; दहाव्या चालीशी मात्र बी५ ही सर्वोत्तम होती अशी नोंद केली. आमच्या चौथ्या पटावरच्या काकांनी त्या नोंदीखाली स्वतःची टिप्पणी जोडली: "चष्म्याचा नंबर तपासून घे." दोन्ही नोंदी बरोबर होत्या.

पुढे मी काळ्याचा घोडा सी४ वर येऊ दिला, ए३ चे प्यादे गमावले आणि आघाडी एका प्याद्यावर आली. एकेक हत्ती आणि एकेक घोडा-उंट कटून गेले. शेवटी माझ्याकडे एक हत्ती आणि उंट, त्याच्याकडे एक हत्ती आणि घोडा, प्यादी सहा विरुद्ध पाच. तेव्हा काळ्याने बरोबरी देऊ केली. आमचे बाकीचे तीन डाव संपले होते आणि त्यांत आमचे दोन गुण होते. अर्धा गुण मिळाला की सामना आमचा. मी कर्णधाराकडे वळून विचारले, "बरोबरी घेऊ का?" त्यांनी पटाकडे न पाहता "घे" म्हटले. नियमाने कर्णधाराला एवढेच सांगता येते. सामन्याची गरज पाहून बरोबरी द्या, घ्या किंवा डाव सोडा असे तो म्हणू शकतो, पटावरच्या स्थितीविषयी अवाक्षर काढू शकत नाही. मी हात पुढे केला.

संगणकाच्या आलेखात हा प्रसंग कोठेही नाही, आणि असणारही नाही. तो डाव तपासतो. सामना त्याला ठाऊक नसतो. शेजारच्या पटांवर काय झाले, अर्ध्या गुणाची किंमत त्या क्षणी एका गुणाइतकी होती की शून्य, समोरच्याचे घड्याळ किती धावत होते, या कशाचीही नोंद त्याच्या आकड्यात नसते. त्या आकड्याचा अर्थही अनेक जण चुकीचा लावतात. लिचेसवर चालणारे स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम, पूर्वी '+१' म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी अशा अर्थाने आकडा दाखवत असे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ आवृत्तीपासून त्याचा अर्थ असा ठरवला गेला, की तितक्याच ताकदीच्या इंजिनाविरुद्ध त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. इंजिनाविरुद्ध इंजिन! आमच्या पातळीवर '+१' मध्ये जिंकणारा हरतो आणि हरणारा जिंकतो, हे शाळेच्या सभागृहात एक दुपार काढणाऱ्या कोणालाही माहीत आहे. म्हणून आकडा पाहून स्वतःला दोष देणारे आणि आकडा पाहून समोरच्याला हिणवणारे, दोघेही तो चुकीचा वाचतात.

लिचेसचा खरा उपयोग मला याच ठिकाणी सापडला, आणि तो विश्लेषणाच्या बटणात नसून 'स्टडी' या सुविधेत आहे. स्टडी म्हणजे एक सामायिक वही. एका वहीत चौसष्टपर्यंत अध्याय करता येतात, प्रत्येक अध्यायात एक डाव ठेवता येतो, चालींखाली टिप्पण्या लिहिता येतात, बाण आणि रंगीत घरे काढता येतात आणि ज्यांना लिहिण्याचा अधिकार दिला आहे ते सर्व जण एकाच वेळी त्यात काम करू शकतात. आम्ही प्रत्येक सामन्यासाठी एक स्टडी उघडतो आणि पटाच्या क्रमाने चार अध्याय करतो. अध्यायाच्या पहिल्या टिप्पणीत डाव संपला तेव्हा सामन्याची स्थिती काय होती ते लिहायचे, हा आमच्या कर्णधारांचा नियम आहे. माझ्या अध्यायात पहिली ओळ अशी आहे: "बरोबरी मान्य केली तेव्हा संघ २-१ ने पुढे." या एका ओळीने आलेखाची रेघ आपोआप वेगळी दिसू लागते.

याहून महत्त्वाची सुविधा स्टडीच्या सेटिंगमध्ये दडलेली आहे आणि बहुतेक मंडळांना ती ठाऊक नसते. संगणकाचे विश्लेषण, एक्सप्लोरर आणि गप्पा यांची परवानगी कोणाला द्यायची ते मालकाला स्वतंत्रपणे ठरवता येते: सर्वांना, फक्त सदस्यांना, फक्त लिहिणाऱ्यांना, फक्त स्वतःला किंवा कोणालाच नाही. आमचे कर्णधार पहिले दोन दिवस संगणकाची परवानगी 'कोणालाच नाही' यावर ठेवतात. अर्थात कोणी दुसऱ्या खिडकीत डाव चढवून पाहू शकतो आणि त्या रात्री मीही तेच केले होते, हे कबूल करतो. पण वहीत तरी इंजिनाचा आकडा उमटत नाही. त्या दोन दिवसांत चौघांनीही आपल्या डावाच्या टिप्पण्या मनाने लिहायच्या असतात. माझ्या दहाव्या चालीखाली मी पहिल्यांदा लिहिले होते, "उंट लांब तिरपीवर, ई५ वर दाब." पहिल्या पटावरच्या आमच्या तरुण खेळाडूने त्याखाली एकच बाण काढला, बी४ वरून बी५ कडे. शब्द नव्हते. पुढे तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झाले तेव्हा त्याने तोच बाण दाखवला. मात्र माझ्या डोक्यात तो मुलाच्या बाणामुळे बसला आहे, इंजिनामुळे नाही. आधी माणसांनी लिहायचे आणि मग यंत्राला विचारायचे, या क्रमाची सोय ज्या साधनात सेटिंगच्या एका ओळीत होते, त्याला मी शिकवण्याचे साधन मानतो.

स्टडीत आमच्या डावांशेजारी जुने डाव ठेवण्याचीही आमची प्रथा आहे. या सामन्याच्या वहीत पाचवा अध्याय बेल्ग्रेडचा आहे. १९७० मध्ये तेथे सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा दहा पटांचा, चार फेऱ्यांचा सामना झाला. डेन्मार्कच्या बेंट लार्सनने पहिला पट मागितला, बॉबी फिशरने दुसऱ्या पटावर बसायचे मान्य केले, आणि दुसऱ्या फेरीत लार्सनने त्या वेळचा जगज्जेता बोरिस स्पास्की याच्याविरुद्ध १. बी३ अशी, पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाणारी बगलेकडची सुरुवात केली. सतरा चालींत तो हरला. चौदाव्या चालीला स्पास्कीने आपला हत्ती एच१ वर नेऊन ठेवला; पांढऱ्याने तो घेतला आणि काळ्याचे प्यादे जी२ वर सरकले. एका प्याद्याने हत्तीवर हल्ला केला आणि मागून वजीर एच४ वरून शह द्यायला सज्ज झाला. लार्सनने हत्ती एफ१ वर हलवला, शह बसला, राजा डी१ वर गेला, आणि प्याद्याने तोच हत्ती मारत वजीर होऊन पुन्हा शह दिला. या डावाच्या सौंदर्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. आमच्या कर्णधारांनी त्या अध्यायाच्या डोक्यावर मात्र सौंदर्याविषयी काहीच लिहिले नाही. त्यांनी सामन्याचा निकाल लिहिला: २०.५–१९.५, सोव्हिएत संघाच्या बाजूने. लार्सनने त्या एका डावात बरोबरी साधली असती तर वीस-वीस झाले असते. न्यायासाठी हेही लिहायला हवे की पुढच्याच फेरीत त्याने स्पास्कीला हरवले होते. पण सांघिक सामन्यात बगलेकडून खेळणाऱ्याने पहिल्या दहा चाली निवांतपणे सोंगट्या रचत काढल्या तर काय होते, ते दाखवायला याहून चांगला डाव मला ठाऊक नाही, आणि माझ्या १०. उंट बी२ शेजारी तो का ठेवला आहे हे मला समजते.

उलट उदाहरणही त्याच वहीत आहे. १९८७ मध्ये सेव्हिल येथे जगज्जेतेपदाच्या सामन्यात चोविसाव्या आणि शेवटच्या डावापूर्वी जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह एका गुणाने मागे होता. किताब राखायचा तर जिंकणे भाग होते. त्याने १. सी४ खेळून, फार काही न उघडता, प्रतिस्पर्धी कारपॉव्हला लांबलचक दबावाखाली ठेवून तो डाव जिंकला आणि सामना १२–१२ असा बरोबरीत आणून किताब राखला. ओपनिंगची निवड पटावरच्या गुणांनी होते तितकीच गुणफलकावरच्या आकड्यांनी होते, हे या दोन अध्यायांनी आमच्या मुलांना जितके पटले तितके माझ्या सांगण्याने पटले नसते.

काही व्यावहारिक गोष्टी. डाव चढवण्यासाठी पीजीएन नावाची मजकूर-पद्धत वापरतात आणि त्या पद्धतीत सोंगट्यांची आद्याक्षरे इंग्रजीतच असावी लागतात. फिडेच्या नियमांप्रमाणे खेळाडू नोंदपत्रावर आपल्या देशातील रूढ आद्याक्षरे वापरू शकतो, आणि आमचे चौथ्या पटावरचे काका गेली अनेक वर्षे 'घो', 'उं', 'ह', 'व' असेच लिहितात. त्यांचा डाव चिकटवता येत नाही; प्रत्येक सोंगटी बोटाने ओढून घालावी लागते. एक तास लागतो, पण तो तास वाया जातो असे मी म्हणणार नाही, कारण चाल घालताना ते मोठ्याने बोलतात आणि त्या बोलण्यातून डाव समजतो. दुसरी गोष्ट गुप्ततेची. स्टडी सर्वांना दिसेल अशी, दुव्यावरूनच उघडेल अशी किंवा फक्त आमंत्रितांना दिसेल अशी ठेवता येते. पुढच्या फेरीच्या तयारीची वही उघडताना हे सेटिंग पहिल्यांदा तपासावे. आपली उलट्या ड्रॅगनची तयारी समोरच्या संघाने सामन्याच्या आदल्या रात्री वाचावी, यात साधनाचा दोष नसतो. तिसरी गोष्ट मोबाइलची. चाली पाहायला मोबाइल पुरतो, पण चौघांच्या टिप्पण्या, बाण आणि उपशाखा एकत्र वाचायच्या असतील तर मोठा पडदा हवा. आम्ही रविवारी एकाच्या घरी दूरदर्शन संचाला संगणक जोडतो. आणि हे सगळे सामना संपल्यावर. सामना चालू असताना सभागृहात मोबाइल जवळ सापडला तर डाव गमवावा लागतो, हे नवख्या मुलांना प्रत्येक वेळी पुन्हा सांगावे लागते.

पैशांविषयी लिहिल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. लिचेसकडे येण्यापूर्वी मी एका सशुल्क ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती. त्यात डावाला गुण मिळत, रंगीत चिन्हे मिळत, एक आवाज "उत्कृष्ट!" असे म्हणे, आणि सांघिक वही करायची म्हटले की आणखी तीन वर्गण्या मागितल्या जात. चौथ्या पटावरच्या काकांनी त्या वेळी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "त्या 'उत्कृष्ट' म्हणणाऱ्याला बुद्धिबळ येते का?" लिचेसवर विश्लेषणाला मर्यादा आहे, पण ती मंडळाच्या चार डावांना कधीच आड येत नाही, संगणकाची ताकद स्वयंसेवकांच्या यंत्रांवरून येते आणि आपल्या ब्राउझरमध्येही इंजिन चालवता येते. शब्दांतील समालोचन, आवाज, कौतुकाची चिन्हे यांची ज्यांना सवय आहे त्यांना हे संकेतस्थळ कोरडे वाटेल. इंजिन 'काय' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. ते 'का' लिहिण्यासाठीच तर वहीत चार माणसे आहेत.

एकट्याने खेळणाऱ्याला मी लिचेस एक्सप्लोररसाठी सुचवीन, आणि बगलेकडून खेळणाऱ्याला तर आग्रहाने. मंडळाच्या संघाला स्टडीसाठी सुचवीन, मात्र एका अटीवर: संघात कोणीतरी एक जण असा हवा जो संगणकाची परवानगी दोन दिवस बंद ठेवील आणि कोणी कितीही विनवण्या केल्या तरी उघडणार नाही. आमच्याकडे ते काम कर्णधार करतात. मंडळाच्या वर्गणीतून या वर्षी लिचेसला थोडी देणगी पाठवायचे ठरले आहे. नावाशेजारी पंख लावून घ्यायला मात्र काका तयार नाहीत.

पुढच्या फेरीची वही काल रात्री उघडली आहे. चार अध्याय रिकामे आहेत आणि तिसऱ्याच्या पहिल्या टिप्पणीत कोणीतरी आधीच बी४ वरून बी५ कडे एक बाण काढून ठेवला आहे.